मागच्या बाकावर कोण बसणार?

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: जपानी भाषेच्या नव्या शिक्षकांना मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली वर्गसराव सक्तीचा करण्याबाबत

महोदय,



ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानच्या पंतप्रधानांची टोकियोत भेट झाली. पुढच्या पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये पाच लाखांहून अधिक माणसांची ये-जा व्हावी आणि त्यात भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल व होतकरू लोक असावेत, असे तेव्हा ठरले. त्याआधी २०१७ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींबाबतचा आणि जानेवारी २०२१ मध्ये ‘विशिष्ट कुशल कामगार’ योजनेचा करार झालेलाच आहे. या दुसऱ्या योजनेतून वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा कामांवर जायचे तर आधी जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते. एक तर जेएलपीटी या जपानी प्रावीण्य परीक्षेची एन-फोर पातळी (एन-फाइव्ह सर्वांत सोपी, एन-वन सर्वांत अवघड), नाहीतर जेएफटी-बेसिक ही परीक्षा. म्हणजे या साऱ्या मोठ्या आकड्यांची वाट भाषेच्या छोट्या वर्गांतून जाते आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ती मुख्यतः पुण्यातल्या वर्गांतून जाते. अशी घोषणा झाली की आपल्याकडे तुकड्या, जागा आणि विद्यार्थी यांची गणती सुरू होते. शिकवणार कोण हा प्रश्न शेवटच्या ओळीत येतो आणि ‘पात्र शिक्षक नेमावेत’ एवढ्यावर मिटतो. हे पत्र त्या शेवटच्या ओळीसाठी आहे. माझे म्हणणे एकच: ज्याने अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली खऱ्या विद्यार्थ्यांना काही तास शिकवलेले नाही, आणि त्या तासांबद्दल ज्याच्याशी कोणी बसून बोललेले नाही, त्याला सरकारी पैशाने चालणाऱ्या जपानीच्या वर्गावर एकटे पाठवू नये.

आज जपानीचा शिक्षक कसा होतो ते पाहा. एन-थ्री, फार तर एन-टू झालेला, वर्गात हुशार म्हणून ओळखला जाणारा विद्यार्थी असतो. त्याचे सेन्सेई (शिक्षक) किंवा क्लासचे चालक विचारतात, ‘एन-फाइव्हची बॅच घेशील का?’ आणि पुढच्या शनिवारी तो फळ्यासमोर उभा असतो. यात लबाडी कुणाचीच नाही. जपान फाउंडेशनच्या २०१८ च्या पाहणीत भारतात जपानी शिकणारे सुमारे ३८ हजार आणि शिकवणारे जेमतेम एक हजार आढळले होते. मागणी अशी असताना चालकांनी तरी दुसरे काय करावे? प्रश्न आहे तो त्या नव्या शिक्षकाच्या हातातल्या कागदाचा. जेएलपीटी ही परीक्षा शब्दसंपत्ती, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासते, तीही पर्यायी उत्तरांतून. बोलणे आणि लिहिणे तीत नाही, अगदी वरच्या एन-वन पातळीवरही नाही. एक अख्खे वाक्य तोंडाने न बोलता ती उत्तीर्ण होता येते. महाविद्यालयात शिकवायचे तर यूजीसी-नेट द्यावी लागते आणि त्यात जपानी हा विषय आहे. पण नेटही विषयाचे ज्ञानच मोजते. पायरी कोणतीही असो, शिक्षक होताना आपण जे तपासतो ते सगळे विद्यार्थी म्हणून त्याने काय कमावले याचे माप आहे. वीस अनोळखी माणसांना तो ते देऊ शकतो का, हे कुठेच तपासले जात नाही. ते पहिल्यांदा तपासले जाते त्या वीस जणांवर, दार लावून.

दाराआड काय होते? एन-फाइव्हच्या पहिल्या महिन्यातला एक साधा धडा घेऊ. मराठीत आपण ‘पुण्यात राहतो’ आणि ‘पुण्यात काम करतो’ असे म्हणतो. दोन्हीकडे प्रत्यय एकच. जपानीत राहण्याला ‘नि’ लागतो, काम करण्याला ‘दे’. नव्या शिक्षकाला हा फरक पक्का ठाऊक असतो, म्हणून तो लगेच नियम सांगतो: अस्तित्व असेल तिथे ‘नि’, क्रिया असेल तिथे ‘दे’. मराठीतून समजावतो, फळ्यावर दोन रकाने करतो, खाली तीन-तीन उदाहरणे लिहितो आणि विचारतो, ‘समजले?’ वर्ग मान हलवतो. शिक्षकाला वाटते, धडा झाला. पण राहणे ही क्रिया नाही का, ही शंका निम्म्या वर्गाच्या मनात असते आणि ती कुणी विचारत नाही. पुढच्या आठवड्यात वह्यांमध्ये ‘दे’ आणि ‘नि’ यांची सरमिसळ सापडते, तेव्हा शिक्षक तोच नियम जरा मोठ्या आवाजात पुन्हा सांगतो. नियमाचे ज्ञान त्याच्याकडे भरपूर आहे. कमी आहे ते वेगळेच: आधी उदाहरणे कोणती द्यावीत म्हणजे नियम विद्यार्थ्यांच्याच तोंडून निघेल, मराठी कुठे वापरावी आणि कुठे आवरावी, मान हलवणे आणि समजणे यांतला फरक कोणत्या प्रश्नाने उघडा पाडावा, आणि शिकवलेल्या शब्दांच्या बाहेर न जाता दहा मिनिटे कसे बोलावे. हे शेवटचे तर फारच अवघड. सहाव्या पाठापर्यंत आलेल्या वर्गाशी सहा पाठांच्याच जपानीत बोलायचे हे कसब एन-वनवाल्याला एन-थ्रीवाल्यापेक्षा जास्त जड जाते, कारण त्याला आवरायचे जास्त असते.

हे कसब पुस्तक वाचून येत नाही, याचे कारण शिक्षकाच्या आळसात नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये शाळाशिक्षकांविषयी एक गोष्ट मांडली, जी नंतर शिक्षणशास्त्रात सर्वमान्य झाली: शिक्षक होणारा माणूस हजारो तास विद्यार्थी म्हणून शिक्षकांना पाहत आलेला असतो, आणि शिकवण्याची वेळ आली की त्या पाहिलेल्या शिक्षकांचीच नक्कल करतो. मात्र विद्यार्थ्याच्या बाकावरून शिक्षकाचे फक्त वागणे दिसते, त्यामागचा विचार दिसत नाही. आपल्याकडे भाषांतर करून जपानी शिकलेली एक पिढी भाषांतर करूनच शिकवते, ती त्यामुळेच. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत असे दिसले. हा वेळ तीन सेकंदांच्या वर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली, आणि एरवी गप्प राहणारीही बोलू लागली. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्याला तर त्याहून जास्त अवकाश लागणार. पण आपण एक सेकंदच थांबतो हे शिक्षकाला स्वतःला कळत नाही. बोलणाऱ्याला आपली शांतता नेहमीच लांब वाटते. ती मोजायला दुसरे कोणीतरी घड्याळ घेऊन मागच्या बाकावर बसावे लागते.

मागच्या बाकावर बसणारा नेमके काय करतो हे तपशिलात सांगणे भाग आहे, कारण ‘देखरेख’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चुका टिपणारा तपासनीस येतो. देखरेख तासाच्या आधी सुरू होते. नवा शिक्षक पाठाचे टाचण लिहितो: आज कोणता वाक्यप्रकार, त्याची ओळख कशी, सराव कसा, आणि शेवटी विद्यार्थी स्वतःचे काय बोलतील. मार्गदर्शक ते वाचून बहुधा एकच प्रश्न विचारतो: तास संपल्यावर विद्यार्थ्याला असे काय करता येईल, जे आधी करता येत नव्हते? ‘ते-रूप (विनंतीसाठी लागणारे क्रियापदाचे रूप) शिकवणे’ हे त्याचे उत्तर नव्हे. ‘शेजाऱ्याला खिडकी उघडण्याची विनंती करता येणे’ हे उत्तर आहे, आणि या दोन उत्तरांतून दोन निराळे तास निघतात. मग सहकाऱ्यांसमोर लटका तास होतो, नंतर खऱ्या वर्गासमोर खरा. मार्गदर्शक मागे बसून नोंदी ठेवतो: शिक्षक किती मिनिटे बोलला, वर्ग किती, प्रश्न किती जणांना गेले आणि कोणत्या कोपऱ्यात गेलेच नाहीत, कोणती चूक ऐकू येऊनही सोडून दिली आणि ती मुद्दाम सोडली की सुटली. त्यानंतरची चर्चा हा या सगळ्याचा गाभा. ती आधी नव्या शिक्षकाने सुरू करायची असते, ‘अमुक ठिकाणी माझा अंदाज हुकला’ असे म्हणून. मार्गदर्शकाने आधी तोंड उघडले तर ती चर्चा राहत नाही, निकाल होतो. आणि आठवड्याभरात तोच शिक्षक पुन्हा तास घेतो. हा दुसरा तास नसेल तर पहिल्या तासाची टीका नुसती ऐकून विसरायची गोष्ट होते.

याचा उपयोग होतो याला पुरावा आहे. मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डिलन होगन यांनी २०१८ मध्ये शिक्षकांना वर्गात बसून केलेल्या मार्गदर्शनावरील ६० अभ्यासांचा एकत्र ताळेबंद मांडला. शिकवण्याच्या पद्धतीत ठळक सुधारणा आणि विद्यार्थ्यांच्या यशात लहान पण खरी वाढ त्यांना आढळली. हे अभ्यास शाळाशिक्षकांचे आहेत, भाषावर्गांचे थोडेच, म्हणून त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. शिवाय त्यांनीच दिलेला एक इशारा आपल्या कामाचा आहे: योजना मोठ्या संख्येने राबवल्या की परिणाम बराच घटतो. त्या मुद्द्याकडे मी पुढे येईन.

संशोधनापेक्षाही बोलका पुरावा खुद्द जपानचा आहे. परदेशी लोकांना जपानी शिकवणाऱ्यांसाठी तिथे वर्षानुवर्षे तीन वाटा होत्या: विद्यापीठात जपानी-अध्यापनाचा अभ्यासक्रम, ४२० तासिकांचा प्रशिक्षणवर्ग, किंवा जपानी-अध्यापन क्षमता परीक्षा. यांतली कोणतीही एक पुरे. तिसऱ्या वाटेने आलेला माणूस एकदाही वर्गासमोर उभा न राहता भाषाशाळेत शिक्षक म्हणून रुजू होऊ शकत असे. मे २०२३ मध्ये जपानच्या संसदेने कायदा करून ही व्यवस्था बदलली आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. आता ‘नोंदणीकृत जपानी भाषा शिक्षक’ ही राष्ट्रीय पात्रता आहे. तिच्यासाठी परीक्षा आहेच, पहिली नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. पण परीक्षेखेरीज किमान ४५ तासिकांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण सर्वसाधारण वाटेने येणाऱ्या प्रत्येकाला आवश्यक केले आहे. वर्गनिरीक्षण, पाठाची तयारी, लटका तास, खऱ्या विद्यार्थ्यांसमोर तास आणि शेवटी एकूण अनुभवाचे परीक्षण असा त्याचा क्रम आहे. आधीपासून शिकवणाऱ्यांना मार्च २०२९ पर्यंत मुदत आणि काही सवलती दिल्या आहेत. परीक्षेला वयाची, पदवीची किंवा राष्ट्रीयत्वाची अट नाही. आता यातली मख्खी पाहा: या परीक्षेला बसणारे बहुतेक जण जन्माने जपानी आहेत. ज्यांच्या उच्चाराबद्दल, शब्दांबद्दल, प्रत्ययांबद्दल शंकेला जागा नाही, त्यांनाही जपानने सांगितले की तुमची भाषा तुम्हाला येते हे पुरेसे नाही, कुणीतरी पाहत असताना शिकवून दाखवा. आणि भाषा बाहेरून शिकलेल्या, अजून स्वतः शिकत असलेल्या आपल्या तरुणांना मात्र आपण यातून माफी देतो.

जपानला हे सुचले त्यामागे त्यांच्या शाळांची जुनी सवय आहे. तिथल्या शाळांत एक शिक्षक तास घेतो, बाकीचे भिंतीला लागून उभे राहून पाहतात आणि नंतर त्या तासाची चिरफाड करतात. याला ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात आणि त्याची मुळे मेइजी काळात जातात. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांच्या १९९९ च्या पुस्तकामुळे ही पद्धत जगभर माहीत झाली. सरकारी शाळेत लागलेल्या नव्या शिक्षकाला पहिले वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या मार्गदर्शनात काढावे लागते, तेही १९८९ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले.

पण हे सगळे जपानचे कौतुक म्हणून सांगितलेले नाही, कारण ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्याकडचा कोणताही बी.एड. झालेला माणूस सराव पाठ, पाठ टाचण, छात्राध्यापक, सूक्ष्म अध्यापन हे शब्द ओळखतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात २० आठवड्यांचा शालेय अनुभव घातला. सातवीला मराठी शिकवायला निघालेल्या माणसाला, ज्यांची मातृभाषा मराठी त्या मुलांना मराठी शिकवायला, आपण २० आठवडे मागतो. पंचविशीतल्या नर्सला सहा महिन्यांत परकी भाषा शिकवून ओसाकाच्या वृद्धाश्रमात पाठवायचे आहे, तिच्या शिक्षकाकडून शून्य. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवायच्या परदेशी भाषांत जपानीचे नाव आहे, तेव्हा हा प्रश्न उद्या शाळांतही येणारच.

इथे जाणकार वाचक हसेल, हे मला ठाऊक आहे. बी.एड.चे सराव पाठ म्हणजे काय हे महाराष्ट्राला सांगायला नको. जुन्या वहीतून उतरवलेली टाचणे, आधीच पढवलेला वर्ग, दोन मिनिटे डोकावून सही करणारा निरीक्षक, आणि काही ठिकाणी तर वर्गात पाऊल न टाकताच मिळालेली प्रमाणपत्रे. मग जपानीच्या शिक्षकांसाठी आणखी एक असाच देखावा कशाला? हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि क्राफ्ट यांच्या इशाऱ्याचा अर्थही हाच: मोठी योजना झाली की तिचा प्राण जातो. पण बी.एड. नेमके कुठे बिघडले ते पाहिले तर यातून वाट निघते. एकेका निरीक्षकाच्या माथी इतके छात्राध्यापक मारले गेले की प्रत्येकाचा पूर्ण तास पाहणे अशक्य झाले. पाहणे हे त्याचे काम म्हणून मोजलेच गेले नाही, त्याच्या इतर तासिकांवरचे ओझे म्हणून राहिले. आणि गुण देणारा व मार्गदर्शन करणारा एकच असल्याने छात्राध्यापकाने चूक लपवणे हेच शहाणपणाचे ठरले. जपानीच्या बाबतीत आकडा लहान आहे, हीच आपली संधी आहे. एका मार्गदर्शकामागे चारपाच जणच असावेत, पाहण्याच्या प्रत्येक तासाचे मानधन असावे, आणि शेवटचा निर्णय मार्गदर्शकाने न घेता दुसऱ्या संस्थेतल्या कुणीतरी एक तास पाहून घ्यावा. सहीऐवजी मार्गदर्शकाने दर तासाची लेखी नोंद द्यावी आणि ती छात्राध्यापकाच्या स्वतःच्या टिपणासोबत जोडावी. खोट्या सह्या करणे सोपे असते. एकमेकांशी जुळणाऱ्या दोन खोट्या नोंदी प्रत्येक तासाला लिहिणे मात्र तास घेण्याइतकेच कष्टाचे.

दुसरा आक्षेप टंचाईचा. आधीच शिक्षक नाहीत, त्यात तुम्ही दार अरुंद करता. जपानइतक्याच ४५ तासिका मागितल्या तरी त्या म्हणजे आठवड्याच्या दोन सुट्ट्यांत काम केले तर सुमारे तीन महिने. एन-फाइव्ह ते एन-थ्री या प्रवासाला दोन-अडीच वर्षे देणाऱ्या माणसाकडे तीन महिने मागणे फार नाही. शिवाय या तीन महिन्यांत तो शिकवतही असतो, फक्त एकटा नसतो. त्याच्यासमोर खरा वर्ग बसलेला असतो आणि त्या वर्गाला त्या दिवशी एक नव्हे, दोन शिक्षक मिळतात. ‘विद्यार्थ्यांवर प्रयोग’ हा आरोप करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की प्रयोग आजही चालूच आहे. देखरेखीखाली तो कोणीतरी पाहत असतो एवढाच फरक. टंचाईचे खरे कारण वेगळे आहे. जपानी चांगले येणाऱ्याला कंपनीत भाषांतराचे किंवा माहिती-तंत्रज्ञानाचे काम शिकवण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे देते. त्याला क्लासमध्ये टिकवायचे तर मानधन आणि प्रतिष्ठा वाढवायला हवी. आणि ज्या कामाला कसलीच तयारी लागत नाही असे आपणच सांगतो, त्याची प्रतिष्ठा वाढणार तरी कशी?

दिल्लीत सोय आहे, असेही कोणी सांगेल. सप्टेंबर २०१७ च्या संयुक्त निवेदनात पाच वर्षांत भारतातील १०० उच्च शिक्षणसंस्थांत जपानीचे अभ्यासक्रम आणि १,००० शिक्षक घडवण्याचे ठरले, आणि २०१८ मध्ये नवी दिल्लीत जपान फाउंडेशनचे शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्याबद्दल आभारच मानावेत. पण दिल्लीत घेतलेले प्रशिक्षण पुण्यातल्या वर्गाला पुरत नाही, आणि कारण भूगोलाचे नाही, भाषेचे आहे. जपानीची पाठ्यपुस्तके आणि शिक्षकपुस्तिका साऱ्या जगासाठी लिहिलेल्या असतात. वाक्याच्या शेवटी क्रियापद येते, नामाला प्रत्यय लागतात, या गोष्टींवर त्या पानेच्या पाने खर्च करतात. मराठी माणसाला त्या पहिल्या दिवसापासून घरच्या असतात. ‘त्सु’ या अक्षरावर इंग्रजी बोलणारे अडखळतात, ‘चमचा’ म्हणणाऱ्याच्या तोंडी ते आयते असते. उलट ‘नि’ आणि ‘दे’चा घोळ, ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीरु’ म्हणजे बिअर यांतला स्वरकाल (ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना जपतो, बोलताना बहुतेकदा विसरतो), आपण एका ‘देणे’वर भागवतो तिथे जपानीत देणारा कोण आणि घेणारा कोण यावरून ‘आगेरु’ की ‘कुरेरु’ ठरणे, हे आपल्या विद्यार्थ्यांचे खरे अडथळे जागतिक पुस्तकात एखाद्या ओळीत उरकतात. ही माहिती आज पुण्यातल्या जुन्या सेन्सेईंच्या डोक्यात आहे आणि प्रत्येक जण निवृत्त होताना ती घेऊन जातो. देखरेखीखालच्या तासांच्या नोंदी नीट ठेवल्या तर पाचसहा वर्षांत मराठी भाषकांना जपानी कशी शिकवावी याचे पहिले भरवशाचे साधन हाती येईल.

मार्गदर्शक आपली पद्धत लादेल, सगळे एकाच साच्याचे होतील, अशी भीती काही जुने शिक्षकच व्यक्त करतात. ती पूर्ण खोटी नाही. म्हणून प्रत्येक नव्या शिक्षकाने दोन वेगळ्या मार्गदर्शकांकडे काम करावे, शक्यतो एक मराठीचा आधार घेणारा आणि एक केवळ जपानीतून शिकवणारा. दोघांचे पटणार नाही, आणि ते चांगलेच. राहिला प्रश्न अ‍ॅप आणि चित्रमुद्रित व्याख्यानांचा, की आता शिक्षक लागतोच कशाला. नियम समजावणे आता फुकट मिळते, हे खरे आहे. पण म्हणूनच वर्गातल्या शिक्षकाकडे उरते ते फक्त वर्ग चालवण्याचे काम, आणि ते आपण त्याला शिकवलेले नाही.

खासगी क्लासवर सरकारने हात टाकावा असे मी म्हणत नाही. टाकला तर फक्त नव्या परवान्यांचा धंदा वाढेल. मागणी एवढीच की जिथे राज्याचा पैसा आहे, म्हणजे विद्यापीठांचे विभाग, कौशल्यविकासाच्या योजना, परदेशी रोजगारासाठी चालवलेले भाषावर्ग, तिथे एका ठरावीक तारखेनंतर नेमल्या जाणाऱ्या नव्या शिक्षकाकडे देखरेखीखालच्या सरावाची नोंद असावी. आधीपासून शिकवणाऱ्यांना जपानप्रमाणे पाच वर्षांची मुदत द्यावी. हे प्रशिक्षण पुण्यातल्या एखाद्या विद्यापीठाच्या जपानी विभागाने चालवावे. शहरात जपानी शिक्षकांची स्वतःची संघटना आहे, तिला मार्गदर्शक निवडण्याच्या कामात घ्यावे. ही नोंद खासगी क्लासमधल्या शिक्षकांनाही फी भरून मिळवता यावी. पालक आणि विद्यार्थी मग स्वतःच विचारू लागतील.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. समजा वर्षाला २० नवे शिक्षक घ्यायचे आणि प्रत्येकाने सहा पूर्ण तास घ्यायचे. म्हणजे १२० तास. टाचण वाचणे, तास पाहणे आणि नंतरची चर्चा मिळून प्रत्येक तासामागे मार्गदर्शकाचे तीन तास धरले तर वर्षाला ३६० तास होतात. आठवड्याला ४० तास काम करणाऱ्या एका माणसाचे नऊ आठवडे. ते चारपाच मार्गदर्शकांत वाटून घ्यायचे आहेत. लटके तास आणि वर्गनिरीक्षणाचे तास जोडून ही बेरीज दुप्पट झाली तरी कोणत्याही कौशल्यविकास योजनेच्या जाहिरातीपेक्षा ती जड होणार नाही. अडचण रकमेची नाही, नोंदीची आहे. आपल्या नियमांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला मानधन देण्याची तरतूद आहे. मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचा तास पाहणाऱ्याला मानधन देण्याची सोय नाही. तेव्हा विनंती अशी की या कामासाठी वेगळे लेखाशीर्ष उघडावे, किंवा ‘तासिका’ या व्याख्येतच निरीक्षणाचा तास सामील करणारा शासन निर्णय काढावा, आणि तो पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या नेमणुका सुरू होण्यापूर्वी काढावा.

कळावे,

आपला,
जपानी भाषेच्या अध्यापनाचा एक अभ्यासक, पुणे